सगळे ट्रॅक बंद

मल्हारीचा स्टुडिओ सिडकोत आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आज तर हळदीचं गाणं न्यायला दिंडोरीहून आलेला नवरदेवाचा भाऊ दारात जीप चालू ठेवून उभा होता, आणि गाण्यात मधूनच टकटक ऐकू येत होती.

"पुंजाभाऊ, तुमच्या ढोलकीची कडी वाजतेय."

"नाय रे बाबा, कड्या घट्ट हायेत."

डावखुऱ्या मल्हारीने सोलो दाबून नुसती ढोलकी ऐकली. टकटक होतीच. पुंजाचा चेहरा उतरला. मग मल्हारीने गाणाऱ्या हर्षालीचा एकटा आवाज लावला. तिथेही टकटक.

"बांगड्या काढायला सांगितल्या होत्या ना तुला?"

तिने नुसते मोकळे हात पुढे केले. बाहेर हॉर्न वाजला.

मल्हारीने चिडून एकेक ट्रॅक बंद केला. शेवटचाही बंद झाला, स्पीकर गप्प झाले, तरी टकटक चालूच राहिली.

हर्षाली त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. त्याची बोटं टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटत होती आणि करंगळीत चांदीची, मोत्याची अंगठी होती. राग शांत राहावा म्हणून बायकोने गेल्या सोमवारीच ती त्याला घालायला लावली होती.