हे जुनं पान वाचू नका

कचेरीत त्याला सगळे तळटीप म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं होतं. एक वाक्य लिहिलं की त्याखाली दोन टिपा जोडल्याशिवाय या गृहस्थाला चैन पडत नसे. चहाच्या यंत्रावर 'बटण एकदाच दाबा' अशी पाटी त्यानेच लावली होती, आणि दोनदा दाबल्यास काय होतं तेही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते वाचून लोक गंमत म्हणून दोनदा दाबत.

कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. तिथे एक छोटं सॉफ्टवेअर बनत असे. बाहेरचे प्रोग्रामर ते आपापल्या कामाला जोडून वापरत, आणि ते कसं वापरायचं याची पानं लिहून कंपनीच्या साइटवर टाकणं हे तळटीपचं काम होतं. एके काळी तो स्वतः प्रोग्रामर होता. बारा वर्षांपूर्वी, उत्साह उतू जात असताना, त्याने एका फुकट साइटवर या सॉफ्टवेअरबद्दल एक पान लिहून टाकलं होतं. त्यात साफसफाईची एक कमांड, म्हणजे संगणकाला द्यायचा एका ओळीचा हुकूम, होती. तेव्हा तिने फक्त नको असलेल्या फायली जायच्या. आता त्याच कमांडने साठवलेलं सगळंच पुसलं जातं. असं का केलं हे विचारू नका, ज्यांनी केलं ते केव्हाच नोकरी सोडून गेले.

पण सर्च इंजिनच्या लेखी बारा वर्षांत काहीच घडलं नव्हतं. साफसफाई कशी करायची हे कुणी शोधलं, की पहिलं येणार ते तळटीपचं जुनं पान. बिचारा प्रोग्रामर त्यावर विश्वास ठेवायचा, कमांड चालवायचा आणि मग कचेरीत फोन करायचा. फोनवरच्या ताई दिवसभर त्या रडवेल्या लोकांची समजूत काढत, आणि प्रत्येक फोननंतर मान वळवून तळटीपकडे नुसतं बघत.

पान काढून टाकावं तर पासवर्ड आठवत नव्हता. तो ज्या ईमेलवर परत मिळाला असता, ते ईमेल बंद पडून नऊ वर्षं झाली होती. साइटवाल्यांना त्याने पत्रांवर पत्रं पाठवली. उत्तर एकदाच आलं: हे पान तुमचं आहे हे सिद्ध करा. ते आपलं आहे हे चारचौघांत कबूल करायचं टाळण्यात त्याची इतकी वर्षं गेली होती, की आता सिद्ध करायला हाताशी काहीच उरलं नव्हतं.

शेवटी कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी त्याला बोलावलं. तीन महिन्यांत फोन कमी झाले नाहीत, तर पानं लिहिणं बंद करू, आणि तुम्ही ताईंच्या शेजारच्या टेबलावर फोन घ्यायला बसा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. लोक वाचतच नसतील तर लिहून उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.  लिहिण्याखेरीज तळटीपला दुसरं काही धड येत नव्हतं, आणि लिहिणंही धड येतं असं आता कुणी म्हणत नव्हतं.

मग त्याने कंबर कसली. कंपनीच्या दोनशे चाळीस पानांच्या माथ्यावर त्याने लाल चौकट टाकली: सावधान, हे जुनं पान वाचू नका. कुठलं जुनं पान, असा घोळ नको म्हणून प्रत्येक चौकटीत त्या पानाची लिंकही दिली. प्रोग्रामर जिथे जिथे गप्पा मारतात तिथेही जाऊन तोच इशारा, तीच लिंक. महिनाभर मान मोडून राबला. आधी साफसफाईबद्दल विचारलं की जुनं पान यायचं. आता काहीही विचारा, पहिलं तेच. फोन दुप्पट झाले.

त्याच सुमारास त्याने घर बदललं. नातेवाइकांना निरोप धाडायचं काम बायकोने विश्वासाने त्याच्यावर सोपवलं, आणि पुढच्याच रविवारी मावशी थेट जुन्या घरी जाऊन धडकली. तिथल्या नव्या भाडेकरूंनी तिला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि फोन केला म्हणून बरं. तळटीप तिला घेऊन आला. जेवायला बसल्यावर मावशीने मोबाइल त्याच्या पुढ्यात धरला.

"हा निरोप तुझाच ना? वाच मोठ्यानं."

त्याने वाचला. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार, खाली औषधांचं दुकान, समोर पाण्याची टाकी, या पत्त्यावर कृपया येऊ नये. नवा पत्ता अगदी खाली, टीप म्हणून, एका ओळीत.

"इतकं बारकाईनं सांगितलंस तर माणूस तिथेच जाणार की रे," मावशी म्हणाली. "ते येऊ नये कोण वाचतंय? मला टाकी दिसली, मी जिना चढले."

"कचेरीतही हा हेच करत असणार," बायको सहज बोलून गेली.

तळटीप हसायला गेला आणि घास त्याच्या हातातच राहिला. एका पानाने दुसऱ्याची लिंक दिली की सर्च इंजिन ती शिफारस धरतं, हे त्याला पाठ होतं. लिंक कौतुकाने दिली की कपाळावर हात मारून, हे ते बघत बसत नाही. दोनशे चाळीस पानांनी एका सुरात सांगितलं होतं की जुनं पान फार मोलाचं आहे. त्या पानाचा इतका निष्ठावंत प्रचारक जगात दुसरा नव्हता, आणि त्यासाठी त्याने आपल्या सुट्ट्याही घालवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो एकेक लाल चौकट काढू लागला. काय चाललंय असं ताईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की टिपा काढून टाकतोय. ताईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे काळजीने पाहिलं.

चौकटी आणि बाहेरच्या गप्पांमधले इशारे काढून संपल्यावर त्याने कित्येक वर्षांनी ते जुनं पान नीट वाचलं. आणि त्याला वाईट वाटलं, कारण पान चांगलं होतं. आधी हे कर, मग ते बघ, काही बिघडलं तर घाबरू नकोस, असं मित्राला सांगावं तसं लिहिलेलं. टीप एकही नाही. लोकांनी इतकी वर्षं आपणहून त्याच्या लिंका दिल्या होत्या त्या उगाच नव्हत्या. कंपनीच्या साइटवर साफसफाईचं जे नवं पान त्याने लिहिलं होतं, त्यावर कामाची पहिली ओळ नवव्या परिच्छेदात होती. बारा वर्षांपूर्वीच्या त्या पोरगेल्या माणसाचा त्याला मनापासून हेवा वाटला.

मग त्याने नवं पान पहिल्यापासून लिहायला घेतलं. मावशीला फोनवर रस्ता सांगावा तसं: कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. कुठे जायचं नाही याबद्दल अवाक्षर नाही. जुन्या पानाच्या लिंका ज्यांनी दिल्या होत्या त्यांना त्याने पत्रं लिहिली, की ते पान माझंच आहे, आता ते चुकीचं आहे, कृपा करून नव्याची लिंक द्या. बऱ्याच जणांनी दिली.

तिसरा महिना संपताना मॅडमनी सगळ्यांसमोर शोधून पाहिलं. पहिलं नवं पान आलं. फोन आठवड्याला दोनावर आले होते. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. लिहीत राहा."

दुपारी खोलीत ताई आणि तो असे दोघेच असताना त्याने जुनं पान शोधलं. ते इतकं खाली गेलं होतं की सापडता सापडेना. आता तिथवर कुणी जाणार नव्हतं. आणि त्याच्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं पान तेच होतं. हात आपसूक नव्या पानाच्या तळाशी गेला. टीप, त्याने लिहिलं, मूळ पान इथे वाचा. लिंकही चिकटवली.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. फोन कुठल्या तरी तिसऱ्याच कामाचा होता, पण ताईंनी मान वळवण्याच्या आत त्याने ती टीप लिंकसकट पुसून टाकली होती.