मढला जेवतोय

"साहेब मांडवात आल्याबिगर आमच्याकडं अक्षता पडायच्याच न्हाईत, राव," पुढच्या सीटवरचा माणूस शेजाऱ्याला सांगत होता. "माझ्या लग्नात भटजी घड्याळ दाखवून दमला. सगळा मांडव आपला फाट्याकडं डोळे लावून!"

एसटी मंचरच्या गर्दीत अडकली होती. बाहेर कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रक. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेब म्हणजे माझे बाबा. मी शाळेत गेले तेव्हा ते आमदार होते, कॉलेज संपलं तेव्हाही होते. आई आणि मी पुण्यात, ते मतदारसंघात. माझ्या वाढदिवसाचा केक कधी कुणी त्यांच्यासाठी थांबवला नाही. रविवारी येतो म्हणायचे आणि दुपारी फोन यायचा, "मढला जेवतोय." आई वाढलेलं ताट झाकून ठेवायची.

त्यांना जाऊन वर्ष झालं. मढचं ते घर मला एकदा बघायचं होतं.

आळेफाट्याला गाडी बदलली आणि डबा पहिल्या गाडीतच राहिला. ओतूर मागे पडल्यावर डोंगर अंगावर आल्यासारखे जवळ आले. मढला उतरून टपरीवाल्याला विचारलं, साहेब कुठे जेवायचे?

"कुठं न्हाई जेवले ते इचारा!" तो हसला. मग त्याने पाण्याच्या टाकीमागचं सखुबाईंचं घर दाखवलं.

दारात सखुबाई होत्या. पुण्याहून आलेय, साहेबांवर लिहितेय, एवढंच सांगितलं. नाव विचारायच्या आधी त्यांनी ताट वाढलं. त्यांची मुलगी मनीषा, माझ्याच वयाची, माहेरपणाला आली होती, म्हणून मासवडी होती (नावात मासा, पण आत तीळ, खोबरं, लसूण, बाहेर बेसन).

"साहेब रस्सा वाटीनं प्यायचे," सखुबाई म्हणाल्या. "तिखट कमी झालं की रुसायचे."

घरी ते आमटीतली मिरची बाजूला काढायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना तिखट सोसत नाही. वडी फार चांगली झाली होती, त्याचाही मला राग आला.

"जेवताना माझ्याकडनं पेपर वाचून घ्यायचे," मनीषा म्हणाली. "मी अडखळले की लगेच, माझी पोरगी बघ, कशी घडाघडा वाचती!"

मी त्यांना मराठी पेपर कधीच वाचून दाखवला नव्हता. पहिल्याच ओळीला अडखळले असते.

"लई राग यायचा मला त्या पोरीचा," मनीषा भाकरी मोडत म्हणाली. "जिथं बघावं तिथं तीच. आन् स्वतः कधी हिकडं फिरकली न्हाई. इंग्लिश शाळंतली ना. गर्व असंल."

"असू दे गं," सखुबाईंनी माझ्या ताटात आणखी एक वडी टाकली. "खावा ताई, लाजू नका."

मी वडीकडे बघत राहिले. मनीषाला ज्या मुलीचा राग यायचा, तिला मी ओळखत नव्हते. पण त्या मुलीबद्दल असं बोललेलं मला सहन होईना.

"गर्व नव्हता," मी म्हणाले. "तिला कधी कुणी बोलावलंच नाही."