पंचविसाचा गठ्ठा

भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता, तेव्हा मी सुटीच्या अर्जांचा बाबू होतो. डोकं लावायचं काम नव्हतं. अर्ज आला की ट्रेमध्ये टाकायचा, पंचवीस झाले की सुतळीनं बांधून सायकलवर साहेबांकडे न्यायचे. साहेबांचं ऑफिस साइटच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे नुसता चिखल आणि ट्रक. माझ्या आधीच्या बाबूनं जाताना बजावलं होतं, "पंचवीस झाल्याबिगर जाऊ नको, साहेब खवळते." मी कशाला खातरजमा करतो!

धानकापणीत दिवसाला दोन-दोन गठ्ठे व्हायचे. कापणी सरली आणि अर्ज आटले. ट्रेमध्ये एकोणीस कागद पडून होते.

एकोणिसावा एका खलाशाचा होता. दोरांनी लोखंडी तुळया वर चढवणारा माणूस, तुमसरकडचा. गावी आईनं अंथरूण धरलं होतं, ती त्याचं नाव घेत होती. मंजुरीशिवाय गेला तर कामावरून नाव कटणार. रोज सकाळी दारात उभा.

"बाबूजी, माहा कागद गेला का?"

"गठ्ठा भरू दे ना बापा. एका कागदासाठी कावून सायकल हाणू मी?"

"आखीन किती पायजेत?"

"सहा."

चौथ्या दिवशी तो आपल्या गँगमधले सहा जण घेऊन आला. कुणाच्या घरी पूजा, कुणाच्या साळीचं लग्न. जवळच्याच उतई गावच्या एकानं तर कारणाची जागा कोरीच ठेवली होती. सुटी एकालाही नको होती. त्याच्यासाठी स्वतःची सुटी खर्ची घालून राहिले होते. मला हसू आलं. "भारी डोकं लढवलं रे!" म्हटलं आणि गठ्ठा बांधला. साहेबांनी तासाभरात सह्या केल्या. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला.

तेराव्यानंतर परत आला, डोक्याचं मुंडण केलेलं. तो पोचायच्या आदल्या दिवशीच आईला नेलं होतं.

"बाबूजी, माहा एकटाच कागद नेला असता, त साहेबानं काय केलं असतं?"

चिडून नाही, खरंच विचारून राहिला होता. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं साहेबांकडे गेलो. पंचविसाचा नियम कधीचा, म्हणून विचारलं. साहेबांनी चष्मा काढला. "पच्चीस? किसने कहा? एक आए, एक लाओ."

परत आलो, डबा उघडला. वांग्याची भाजी होती. सगळी खाल्ली. रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. आत काहीच हललं नाही, आणि त्याचीच मला आज जास्त भीती वाटते.

पुढे कितीतरी वर्षं तो खलाशी गेटवर भेटायचा. "रामराम बाबूजी," म्हणायचा. साहेब काय बोलले, हे त्यानं कधी विचारलं नाही. नियमच तसा होता, अशी त्यानं मनाची समजूत घातली असावी. मी ती तशीच राहू दिली.