धाकट्यांचा हात

पन्नाशी उलटली तरी गॅरेजात सगळे त्यांना धाकटेच म्हणत. थोरला भाऊ जाऊन बरेच महिने झाले होते, पण हाक काही बदलली नाही.

एकाच बॉनेटखाली डोकी घालून दोघा भावांचे केस पांढरे झाले. पटलं नाही ते फक्त टायमिंग बेल्टवरून. इंजिनची खालची-वरची चाकं एका लयीत फिरवणारा तो दातेरी पट्टा थोरल्यांना घट्टच लागे.

"एक दात सरकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटलेच म्हणून समज," ते म्हणत.

"आणि इतका आवळलास तर बेअरिंग बोंबलत मरेल त्याचं काय? दादा, टेन्शन द्यावं, पण बेताचं!"

एका दुपारी यावरूनच जुंपली. धाकटे तणतणत चहाला गेले. परतले तर थोरले स्टुलावर बसल्याजागी गेलेले. मुठीतला पाना सोडवायला बोटं उकलावी लागली.

काही दिवसांनी एक टॅक्सीवाला तक्रार घेऊन आला. "धाकटे, बेल्ट बदलल्यापासून गाडी शिट्टी मारत रडतेय हो."

त्यांनी कव्हर काढलं. पट्टा तारेसारखा ताठ! पण त्यांना पक्कं आठवत होतं, दोन चाकांमधल्या लांब भागावर चिमटीत धरून पट्टा पिळला होता, तेव्हा तो काटकोनात वळून थांबला होता. हवा तेवढाच. मग आवळला कोणी?

दुसऱ्या गाडीचं तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी बेल्ट बसवला, शटर ओढलं, किल्ली खिशात टाकली. सकाळी येऊन बघतात तो पट्टा चिमटीत वळेना. रिकाम्या स्टुलाकडे बघत ते म्हणाले, "दादा, आता तरी सोड की!"

त्यांनी बेल्टचं काम घेणंच बंद केलं. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायचे, कान देऊन काहीतरी ऐकायचे. घरचे हवालदिल झाले. शेवटी वहिनी, थोरल्यांची बायको, एका सकाळी गॅरेजात येऊन बसली.

"भावजी, माझ्यासमोर एक बसवा बघू."

धाकट्यांनी चाकांच्या खुणा जुळवल्या, पट्टा चढवला, पट्टा ताणणारा टेन्शनर लावून त्याचा बोल्ट कसला. चिमटीत पिळून पाहिलं. खालचं क्रँकचं चाक पान्याने हातानेच दोन फेरे फिरवलं, खुणा परत जुळल्या. "झालं," म्हणून ते तिच्याकडे वळले आणि टॅक्सीवाल्याचं सांगू लागले.

वहिनी त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली होती. धाकटे बोलत होते आणि त्यांचा उजवा हात पान्याने बोल्ट सैल करून टेन्शनर रेटत होता, मग पुन्हा बोल्ट कसत होता.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आवळताय तुम्हीच."

धाकट्यांनी खाली पाहिलं. पाना खणकन पडला. पण हात तसाच राहिला: अंगठा बाहेर काढून मूठ वळलेली, मनगट जरासं वाकडं. अशी पकड थोरल्यांची.

"हा माझा हात नाही, वहिनी."

"नसेल." तिने पदराने डोळे टिपले. "घरी मला म्हणायचे, धाकट्याचाच बेल्ट बरोबर असतो गं. पण थोरला ना मी, कबूल कसं करू?"

धाकटे किती तरी वेळ इंजिनवर डोकं टेकून उभे राहिले. मग पट्टा सैल करून त्यांनी पहिल्यापासून बसवला. गाडी सुरू झाली. कुठेही शिट्टी नव्हती.

तेव्हापासून बेल्टचं काम आलं की ते वहिनीला बोलावतात. तीही कामधाम टाकून येते आणि फक्त हातावर लक्ष ठेवते. बहुतेक वेळा काही होत नाही. एकदा मात्र ते गप्पांच्या नादात असताना हात पुन्हा पान्याकडे गेला. तिच्या तोंडून "भावजी" आलंच नाही. नवऱ्यालाच हाक मारायची त्या सुरात ती म्हणाली, "अहो, पुरे आता."

हात तिथेच थांबला, आणि बोटं एकेक करून सुटली.