नदी परसदारानं आली तेव्हा

कोल्हापुरात शहाणा माणूस श्रावणात नदीकाठच्या गावी फिरायला जात नाही. मी गेले, आणि वर जपानी पाहुणा घेऊन गेले. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जुन्या सहली ब्लॉगवर लिहायला घेतल्यापासून ही एकच मागे ठेवली होती.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. एका सेवासंस्थेनं जपानच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीगावाशी पत्रव्यवहार करून तिथला माणूस बोलावला होता. त्या गावाची घरं समुद्राच्या लाटेनं नेली होती आणि गावकऱ्यांनी ती स्वतःच पुन्हा उभी केली होती. त्यांनी आपल्याकडचं एक पूरग्रस्त गाव बघावं, दोन्ही गावांनी एकमेकांचं काही शिकावं, असा बेत. संस्थेला दुभाषी हवा होता, आणि गाव निघालं नेमकं माझ्या आक्काचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुरुंदवाडच्या पुढं कृष्णाकाठी दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर "आमाला येडं ठरिवलंस व्हय?" म्हणून गाव माझ्या दारात येईल.

मी नाही म्हणणार होते. पण महिन्यापूर्वी आक्का घाटावर घसरली होती आणि तिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. मागच्या पुरात तिच्या गावच्या लोकांना गुऱ्हाळाच्या काहिलीतून बाहेर काढलं होतं. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी कढई. आमच्याकडं पुरात तिचीच नाव होते. ती पाण्यात गरगर फिरते, आणि बसणाऱ्यानं पाय पोटाशी घेऊन गप्प बसायचं असतं. प्लास्टरमधली आक्का तीत कशी बसणार? हा प्रश्न डोक्यात घुसला आणि मी हो म्हणून बसले. आक्काला उचलून कोल्हापूरला आणायचं, एवढाच माझा खरा बेत होता.

निघायच्या दिवशी सकाळीच कळलं की पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. हे म्हणाले, "जाऊ नको म्हटलं तर तू जाणारच, आणि जाऊन काळजी करत बसणार. जित्याची खोड." पाहुण्यांचं नाव सातो. चाळिशीचे, मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे, इंग्रजी माझ्या सातवीच्या मुलांइतकं. हातात एक लाकडी पेटी. स्टँडसमोर मिसळ खाल्ली, त्यांनी तिखट कट दोनदा मागितला आणि घामेजलेल्या तोंडानं हसले. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ करत एसटीनं कुरुंदवाडला दोन तास लागले, दोघांचं तिकीट पंधरा रुपयांच्या आत. बसच्या खिडक्या खडखडत होत्या, आणि शिरोळच्या पुढं उसाच्या सऱ्यांत पाणी दिसायला लागल्यावर मी ते मोजायला लागले. इथं पाऊल, तिथं घोटा.

कुरुंदवाडला दाजी, म्हणजे आक्काचे मालक, बैलगाडी घेऊन आले होते. गावात शिरायच्या आधी एक ओढा लागतो, गावाच्या पाठीमागून जाऊन खाली नदीला मिळणारा, त्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. अलीकडं माळ आणि माळावर शाळा, पलीकडं गाव, आणि गावाच्या पुढ्यात नदीचा घाट. सातोंनी फरशीवर गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ खाली बघत राहिले. मला वाटलं, माणसाला मळमळतंय.

रात्रीच्या जेवणात भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि खर्डा. आक्का बाजेवर पाय पसरून हुकूम सोडत होती. "पावण्यास्नी दही वाढा की. डोळ्यातनं पानी येतंय बिचाऱ्याच्या." मी हळूच म्हटलं, "आक्का, उद्या माझ्याबरोबर चल." तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी दही वाढायला उठले. कारण मला ठाऊक होतं. नदी म्हणजे या गावाची माहेरवाशीण. घाटाच्या वरच्या अंगाला दगडी नंदी आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं की खण, नारळ, तांदूळ घेऊन नदीची ओटी भरायची, आणि मगच गावानं घरं सोडून माळावरच्या शाळेत जायचं. पहिल्या ओटीचा मान आक्काच्या घराचा. माहेरवाशीण यायच्या आधी घराला कुलूप लावणं या गावात कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सभा. सातोंनी पेटी उघडली. आत हातानं फिरवायचा भोंगा, त्यांच्या गावानं पाठवलेला. एक आजोबा म्हणाले, "पावणं, साखर कारखान्याचा भोंगा रोज वाजतोय. कोन उठतंय?" सगळे हसले. सातोही हसले, आणि मग सांगू लागले. मी वाक्यामागून वाक्य मराठीत आणत होते.

"धरणी हलली की डोंगरावर पळायचं, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक. साठ साली भूकंप झाला तो चिलीत, समुद्राच्या पार पलीकडं. आमच्या गावात कप हलला नाही, म्हणून कुणीच हललं नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र मागं गेला, तळ उघडा पडला. बायका शिंपले वेचायला खाली उतरल्या. आईच्या हातात टोपली मी दिली."

या शेवटच्या वाक्याशी मी अडखळले. दोनदा प्रयत्न करून मराठीत म्हटलं.

मग दाजी समजूत घालावी तसं म्हणाले, "आमच्यात तसं न्हाय पावणं. आमचा नंदी हाय. नऊ पायऱ्या अजून कोरड्या हायत."

सातोंनी विचारलं, "नंदीला पाणी लागतं तेव्हा फरशी कुठं असते?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दाजींनी डोकं खाजवलं. "गेल्या खेपंला फरशी आदीच गेलती की. म्हनून तर काहील काढली."

"दर खेपेला आधीच जाते." हे दारातून आलं. कांबळे गुरुजी उभे होते, माळावरच्या शाळेचे मास्तर. त्यांची बौद्ध वस्ती फरशीला लागूनच. "आमच्या दारात पाणी गावाच्या एक दिवस आधी येतं. आम्ही कुणाची ओटी भरत नाही, पोरं घेऊन सरळ शाळेत जातो. गावाला वाटतं, यांची घरं खोलात आहेत म्हणून. कुणी कधी विचारलंच नाही आम्हाला." ते रागानं बोलले नाहीत, पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ऐकणाऱ्यांतले बरेचजण खाली बघत होते. मीही. आक्काकडं इतकी वर्षं येत होते, त्या वस्तीवरून जात होते, एकदाही थांबले नव्हते.

सातो सगळ्यांना ओढ्यावर घेऊन गेले. उसाचं एक वाळकं पान तोडून त्यांनी पाण्यात टाकलं. ओढा नदीकडं वाहतो, पान नदीकडं जायला हवं. ते गावाकडं निघालं. कृष्णा फुगली की पाणी तुंबतं आणि ओढ्यातून उलटं चढतं. पिढ्यान्‌पिढ्या सगळं गाव पुढं नंदीकडं डोळे लावून बसलं होतं, आणि मागची वाट मिटत होती. फरशी पाण्यापासून वीतभर वर राहिली होती.

मी धावत घरी आले आणि आक्कावर ओरडले. थोरल्या बहिणीवर आयुष्यात पहिल्यांदा. "ऊठ. फरशी जातेय. तुला काहिलीत कोण बसवणार आहे?"

"वरडू नगंस. ती आली न्हाई अजून. दार लावून जाऊ व्हय?"

"तू बुडून गेलीस तर ओटी कोण भरणार?"

"शुभ बोल."

मी रडायला लागले. सातो, दाजी, गुरुजी मागोमाग येऊन अंगणात उभे होते. आक्का त्यांच्याकडं बघून मला म्हणाली, "पावण्याला इचार, वड्याचं पानी कसलं हाय? हिरवं का तांबडं?"

मी विचारलं. सातो म्हणाले, "लाल. मातीचं."

ओढ्याचं स्वतःचं पाणी हिरवं, तांबडं ते पुरातल्या नदीचं, हे आक्काला कुणी सांगायला नको होतं. "मग तीच आली की," ती म्हणाली. "म्हायेराला आल्याली लेक फुडल्या दारानं कवा येती व्हय? परसदारानंच येती. उचला बाज."

चौघांनी बाज उचलून ओढ्यावर नेली. एक म्हातारी कुरकुरली, "वड्याला कोन ओटी भरतंय?" आक्कानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा गुरुजींच्या घरातून त्यांच्या पत्नी छत्री घेऊन आल्या. ओटी त्यांच्यात नाही. त्या आक्काच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या. आक्कानं खण, तांदूळ, नारळ तांबड्या पाण्यात सोडला. नारळ हेलकावत गावाच्या दिशेनं गेला, आणि ते बघून कुरकुरणारी म्हातारीही घराकडं वळली, गाठोडं बांधायला. मग गुरुजींनी भोंगा फिरवला. या वेळी कुणी हसलं नाही.

दिवस मावळायच्या आत गाव माळावर होतं. आमची गाडी जवळजवळ शेवटी निघाली, तेव्हा फरशीवर चाकाला वीतभर पाणी होतं आणि एक बैल पाऊल टाकत नव्हता. दाजी पाण्यात उतरून त्याचं शिंग धरून चालले. मी आक्काचं प्लास्टर मांडीवर घेऊन डोळे मिटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून बघितलं तर फरशी दिसेना. संस्थेची जीप कुरुंदवाडहून माळापर्यंत आली आणि आक्कासकट आम्हाला कोल्हापूरला घेऊन गेली.

पाचव्या दिवशी सातोंची गाडी होती. ते आमच्याकडं चहा घेत असताना दाजी दारात आले, गुडघ्यापर्यंत चिखल. "काल सकाळी नंदीच्या पायाला पानी लागलं," ते म्हणाले. "मी आन्‌ गुरुजी काहिलीतनं जाऊन बघून आलो."

मी सातोंना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. फरशी गेल्यापासून दीड दिवस. "गावात कोण राहिलं होतं?"

"कुत्रं बी न्हाय," दाजी म्हणाले.

सातोंनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आक्का म्हणाली, "त्याच्या आयेचं नाव काय, इचार."

ते म्हणाले, "हारू."

आता तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. रस्ता चांगला आहे, कुरुंदवाडची बासुंदी चुकवू नका, आणि ओढ्यावर उंच पूल झालाय, त्यामुळं फरशी शोधावी लागेल. सातोंची नववर्षाची पत्रं बरीच वर्षं यायची. त्यांच्या गावात दरवर्षी सगळे मिळून डोंगर चढतात, असं एकदा लिहिलं होतं. नंतर पत्रं थांबली. आक्काही गेली. माझी काळजी करायची सवय तेवढी राहिली, आणि तिची मला आता लाज वाटत नाही.

मागच्या श्रावणात गेले होते. ओढ्याला तांबडं पाणी आलं होतं आणि आक्काच्या घरच्या सुना ओटी भरत होत्या, जुन्या फरशीच्या दगडापाशी. नारळ दोन होते. मी विचारलं, दुसरा कुणाचा?

"हारूबाईचा," एक सून म्हणाली.

कोण हारूबाई, ते तिला ठाऊक नव्हतं. घरी आले आणि हे लिहायला बसले.