केरूभाऊंनी सावरलेली शेपटी

केरू पगारे मूळचे चांदवडकडचे. नाशकात भद्रकालीजवळ त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. शिंप्याने मशीन नुसतं चालवलं, तरी कुठला स्क्रू ढिला झालाय ते केरूभाऊ आवाजावरून सांगत.

१९८५च्या दिवाळीनंतर बेंडाळे नावाचे एक निवृत्त इंजिनिअर रिक्षातून दुकानापुढे उतरले. त्यांच्या हातात चार फुटी हेलिकॉप्टर होतं, रिमोटवर उडणारं. मुलाने जपानहून पाठवलेलं. जमिनीवर सगळं ठीक चाले, पण वर गेलं की शेपटी गर्रकन फिरे आणि ते भोवऱ्यासारखं फिरत गवतात आदळे. दोनदा पाती मोडली होती. शेपटी आपोआप सावरणारी जायरोची डबीसुद्धा त्यांनी बदलून पाहिली होती.

केरूभाऊंनी असलं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी ते ठेवून घेतलं. शेपटीच्या छोट्या पंख्याची पाती तिरकी करायला एक लांब, बारीक तार रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणाऱ्या मधल्या छोट्या मोटरपासून मागे जात होती. सांधे मोकळे, तेलपाणी व्यवस्थित. दोन दिवस त्यांना काही सापडेना.

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आलेल्या शकुबाई, त्यांच्या पत्नी, ते बघत बसल्या. त्या म्हणाल्या, "अहो, रिकामं मशीन चांगलंच चालतं की. कापड घातल्यावर बघा ना."

केरूभाऊंनी लगेच बेंडाळेंना बोलावलं. इंजिन बंदच ठेवून त्यांनी मागची पाती बोटांनी घट्ट धरली आणि रिमोटची कांडी हलवायला सांगितली. मोटर फिरली, पण पाती जागची हलली नाहीत. तार मात्र मधोमध धनुष्यासारखी वाकली.

"साहेब, जोर पोचतच नाय मागं," केरूभाऊ म्हणाले. "तार वाकण्यातच सगळा संपतो."

पितळी नळीचे तीन बारीक तुकडे कापून त्यांनी ते शेपटीच्या दांडीवर पक्के बसवले आणि तार त्यांतून ओवली. आता तिला पुढेमागे सरकता येई, वाकता येत नसे.

रविवारी सकाळी तिघं गोल्फ क्लबच्या मैदानावर गेले. हेलिकॉप्टर कमरेइतकं वर आलं. शेपटी थोडी थरथरत होती. बेंडाळेंनी ते खाली घेऊन जायरोचा जोर स्क्रूने जरा कमी केला आणि पुन्हा उडवलं. या वेळी ते हवेत असं थांबलं, जसं कुणी टेबलावर ठेवलंय. बेंडाळे नुसते हसत राहिले. फिरायला आलेले लोकही थांबून बघू लागले.

शकुबाई हळूच म्हणाल्या, "त्याला माझ्याकडं तोंड करून उभं करा की."

बेंडाळेंनी कांडी किंचित ढकलली. हेलिकॉप्टर सावकाश वळलं आणि शकुबाईंसमोर नाक करून थांबलं. वाऱ्याने पदर उडाला, तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्या इतक्या हसल्या, की केरूभाऊ हेलिकॉप्टर सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.