लातूरचं विमान आणि कामावर गेलेला टँकर

सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जुन्या गाड्यांचं भारी वेड. चालवायला मात्र मीच लागते, कारण हा समोरचा रस्ता सोडून शेजारच्या गाडीचं इंजिन ऐकत बसतो. लातूरच्या बाहेर कुणा अप्पांनी जुन्या गाड्यांचं संग्रहालय केलंय, अंगणात खरंखुरं विमान ठेवलंय, असं त्याला कळलं आणि आमचा रविवार ठरला.

"अरे, लातूरला पाणी रेल्वेनं येतंय. अशात पाहुणे म्हणून जायचं?" मी म्हटलं.

"आपलं पाणी आपण नेऊ," तो म्हणाला. दोन मोठे जार डिकीत टाकले आणि भोकरहून निघालो.

नांदेड, लोहा, अहमदपूर असा सरळ रस्ता. कामं जागोजागी चालू आहेत, तेव्हा ऊन चढायच्या आत निघा. अहमदपूरला गरमागरम भजी खाल्ली, तळलेल्या मिरच्यांसकट. हॉटेलवाल्यानं कागदावरच वाढली. "ताई, प्लेटा धुणं बंद केलंय. पाणी सोडून काय बी मागा," म्हणाला. भजी स्वस्त आणि पोटभर. त्या मिरच्यांवर डिकीतल्या जारपर्यंत धावणं हीच काय ती शिक्षा.

संग्रहालय म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. तिकीट दोन चहांच्या किमतीचं. अप्पा सत्तरीचे, कपाळावर भस्म, डाळीचा व्यापार मुलांवर सोपवून या छंदात रमलेले. दांडा फिरवून सुरू करायची मोटार, तीनचाकी टेम्पो, वाफेवरचा रोलर, बाजूला डबा जोडलेली फटफटी! सगळ्यांवर धुळीचा थर. "पुसायला पाणी न्हाई," अप्पा ओशाळून म्हणाले.

सगळ्यात लाडका त्यांचा टँकर. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नव्या रस्त्यांवर पाणी मारायला हाच फिरायचा. पुढं भंगारात निघाला, अप्पांनी उचलून आणला आणि हिरवागार रंगवला. समोर पाटी, 'हात लावू नये'.

अंगणात पिकांवर औषध फवारायचं ते छोटं विमान होतं आणि त्याच्या पंखांखाली मागच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. रस्त्यावर दुसरी सावली नव्हती, म्हणून अप्पांनीच त्यांना आत घेतलं होतं. तेवढ्यात एकीचा फोन वाजला. वस्तीचा टँकर वाटेत बंद पडला होता, आज येणार नव्हता.

मग शांताबाई नावाची एक बाई उठली आणि थेट शेडमध्ये आली.

"अप्पा, ही गाडी चालती का न्हाई?"

"चालती. पण आतून गंज हाय. प्यायला न्हाई चालायचं."

"धुण्याभांड्याला चालंल की."

"शांताबाई, हिचा एक पार्ट मोडला तर आता कुठंच मिळत न्हाई."

"आन् आमच्यातली कुणी उन्हात पडली तर? ती कुठं मिळती?"

अप्पांनी 'हात लावू नये'ची पाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मेहुण्याच्या हिरीला पाणी हाय, शेतातल्या रस्त्यानं जाता येतं. पण माझा गुडघा क्लच दाबू देत न्हाई. चालवणार कोण?"

सगळ्यांनी सुधीरकडं पाहिलं. सुधीरनं माझ्याकडं पाहिलं.

माहेरी उमरीला मी ट्रॅक्टर चालवलाय, पण हे धूड वेगळंच. आमचे जार बायांना प्यायला दिले. सुधीर बॉनेटमध्ये कोपरापर्यंत घुसला, बायांनी मागून ढकललं आणि टँकर खोकत, काळा धूर सोडत चालू झाला. मागं एकच आरडाओरडा! अप्पा शेजारी बसले. खड्डा आला की ते डोळे मिटायचे आणि मी स्टेअरिंगला लोंबकळायचे.

जाताना बरं होतं. येताना भरलेला टँकर उतारावर माझं ऐकेना. "गिअर खाली घ्या ताई, घाबरू नका," अप्पा सांगत होते. घाबरला होता तो त्यांचाच आवाज. कसाबसा फाटकापर्यंत आणला आणि तिथंच चुकले. डावा मडगार्ड खांबाला घासला. कर्रर्र! हिरवा रंग लांबलचक सोलून निघाला.

अप्पा उतरले, सोललेल्या जागेवरून हात फिरवला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर मागं तोटीपाशी झुंबड उडाली होती, शांताबाई सगळ्यांना ओळीत लावत होती. अप्पांनी एकदा तिकडं पाहिलं.

"पुढच्या खेपेला जरा उजवीकडून घ्या," ते म्हणाले.

आणखी दोन खेपा झाल्या. मग शांताबाईच्या घरी पिठलं-भाकरी. पाणी पुरवून वापरायचं म्हणून सगळे एकाच परातीत जेवलो. तुम्ही गेलात तर सोबत पाण्याचे जार न्या, आणि टँकर जागेवर नसेल तर तो पाणी आणायला गेलाय असं समजा, परत फिरू नका, थांबा.

भोकरला पोचलो तेव्हा माझे दंड इतके दुखत होते की फाटकाची कडी सुधीरला काढावी लागली. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "काय गं, विमान कसं होतं?"

सांगायला गेले, तर मला त्याचा रंगच आठवेना. आठवत होती ती सावली, आणि टँकर परतताच तिच्यातून घागरी उचलून एकदम उठलेल्या बाया.